सायक्लिक एएमपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायक्लिक एएमपी हे न्यूक्लिओटाइड संयुग जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात दोन परिच्छेदांत आटोपले जाते, आणि प्रयोगशाळेत मात्र त्याच्याशी वर्षानुवर्षे गाठ पडते. पुढील प्रश्न प्रामुख्याने जीवरसायनशास्त्र व औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आणि पेशींवर पहिल्यांदाच हे संयुग वापरणारे संशोधक यांच्याकडून येतात. रेणूची ओळख करून देणारे प्रश्न आधी घेतले आहेत आणि प्रत्यक्ष वापराचे नंतर.

सायक्लिक एएमपी म्हणजे नेमके काय?

अॅडेनिन हा नायट्रोजनयुक्त बेस, रायबोज ही पाच कार्बनांची शर्करा आणि एक फॉस्फेट गट, एवढ्यांनी बनलेले हे न्यूक्लिओटाइड आहे. साध्या न्यूक्लिओटाइडमध्ये फॉस्फेट शर्करेच्या एकाच कार्बनाला, बहुधा ५′ क्रमांकाच्या, जोडलेला असतो. येथे तोच फॉस्फेट ५′ आणि ३′ अशा दोन्ही कार्बनांशी ऑक्सिजनमार्फत जोडला जातो, त्यामुळे शर्करेच्या अंगाला एक जादा वलय तयार होते. 'सायक्लिक' म्हणजे चक्रीय हे विशेषण या वलयावरून आले आहे. रेणूत १० कार्बन, १२ हायड्रोजन, ५ नायट्रोजन, ६ ऑक्सिजन आणि १ फॉस्फरस अणू असून मुक्त आम्लरूपातील रेणुभार ३२९.२ आहे. पेशीतील सामू जवळपास उदासीन असल्याने तेथे फॉस्फेटवर एक ऋण प्रभार असतो. ही गोष्ट किरकोळ वाटते, परंतु हा रेणू बाहेरून पेशीत सहजासहजी का शिरत नाही, याचे मुख्य कारण तोच प्रभार आहे.

एएमपी, एटीपी आणि सायक्लिक एएमपी यांत फरक काय?

तिघांचे घटक सारखे असले तरी त्यांची कामे अगदी वेगळी आहेत. एटीपी हे पेशीचे ऊर्जाचलन असून पेशीत त्याचे प्रमाण मिलिमोलर पातळीवर असते. साधा एएमपी हा फॉस्फेट गमावलेला अवशेष आहे, आणि त्याचे प्रमाण वाढणे म्हणजे पेशीची ऊर्जा खालावल्याची खूण असते. सायक्लिक एएमपीचा ऊर्जेच्या देवघेवीशी थेट संबंध नाही, कारण तो निव्वळ निरोप आहे. उत्तेजित नसलेल्या पेशीत त्याचे प्रमाण साधारणपणे एक मायक्रोमोलरच्या आसपास, म्हणजे एटीपीच्या हजाराव्या हिश्श्याइतके किंवा त्याहून कमी असते.

येथे एक गोंधळ वारंवार दिसतो. प्रोटीन कायनेज म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे विकर. एएमपीने चालू होणारा प्रोटीन कायनेज आणि सायक्लिक एएमपीवर अवलंबून असणारा प्रोटीन कायनेज हे दोन स्वतंत्र विकर आहेत. पहिला ऊर्जेची टंचाई ओळखतो, तर दुसरा संप्रेरकांचा निरोप पुढे नेतो. उत्तरपत्रिकांतच नव्हे, तर प्रयोगाच्या आराखड्यांतही या दोघांची अदलाबदल झालेली आढळते.

या रेणूचा शोध कसा लागला?

अमेरिकन शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांच्यापुढचा मूळ प्रश्न रेणूचा नव्हता, तो साखरेचा होता. अॅड्रेनॅलिन किंवा ग्लुकागॉन यकृतापर्यंत पोहोचले की साठवलेले ग्लायकोजेन फुटून रक्तात ग्लुकोज येते, एवढे माहीत होते. संप्रेरक हे काम कसे घडवून आणते, ते मात्र माहीत नव्हते. त्या काळी संप्रेरकाची क्रिया अखंड पेशीशिवाय होऊ शकत नाही, असा सर्वसाधारण समज होता. सदरलँड आणि त्यांचे सहकारी थिओडोर रॉल यांनी यकृताच्या पेशी फोडून त्यांचे भाग वेगळे केले, आणि तरीही संप्रेरकाचा परिणाम टिकवून दाखवला. पेशीपटलाचे तुकडे असलेल्या भागावर संप्रेरक घातले असता एक लहान, उष्णता सहन करणारा घटक तयार होत असे. तो घटक पेशीरसाच्या भागात मिसळला की तेथील ग्लायकोजेन फोडणारे विकर क्रियाशील होई, आणि त्या टप्प्यावर संप्रेरकाची गरजही उरत नसे. द्रावण उकळूनही घटकाची क्रिया टिकते म्हणजे तो प्रथिन नाही, हा निष्कर्ष साधा असला तरी निर्णायक ठरला.

नेमक्या त्याच सुमारास डेव्हिड लिपकिन आणि त्यांचे सहकारी एटीपीवर बेरियम हायड्रॉक्साइडची क्रिया करून मिळणाऱ्या एका अनोळखी संयुगाचा अभ्यास करीत होते. दोन्ही गटांनी लिऑन हेपेल या न्यूक्लिओटाइडतज्ज्ञांना पत्रे लिहिली होती, आणि दोन्ही पत्रांत वर्णन केलेले संयुग एकच असावे हे हेपेल यांच्या ध्यानात आले. दोन्ही गटांचे लेखन १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. सदरलँड यांना १९७१ चे शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरक हा पहिला संदेशवाहक आणि पेशीच्या आत त्याचा निरोप पोहोचवणारा हा दुसरा संदेशवाहक, ही संकल्पना याच कामातून रूढ झाली.

पेशीत तो तयार कसा होतो आणि नष्ट कसा होतो?

तयार करणारे विकर अॅडेनिलिल सायक्लेज आहे. ते एटीपीमधील दोन फॉस्फेट पायरोफॉस्फेटच्या रूपाने बाहेर काढते आणि उरलेल्या फॉस्फेटचे वलय बांधते. सस्तन प्राण्यांत या विकराचे पेशीपटलात रुतलेले नऊ प्रकार आहेत आणि दहावा प्रकार पेशीरसात विरघळलेला असतो. पटलातील प्रकारांवर जी-प्रथिनांचे, म्हणजे रिसेप्टरचा निरोप पेशीत पुढे नेणाऱ्या प्रथिनांचे, नियंत्रण चालते. रिसेप्टरला, म्हणजे संप्रेरक ओळखणाऱ्या पटलावरील प्रथिनाला, संप्रेरक चिकटले की 'जीएस' प्रथिन विकराला चालना देते, तर 'जीआय' प्रथिन त्याला आवर घालते. जी-प्रथिनांच्या शोधासाठी आल्फ्रेड गिलमन आणि मार्टिन रॉडबेल यांना १९९४ मध्ये, तर जी-प्रथिनांशी जोडलेल्या रिसेप्टरांवरील कामासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीरसातील दहाव्या प्रकाराला जी-प्रथिनांची गरज नसते, कारण तो बायकार्बोनेटमुळे चालू होतो.

नष्ट करण्याचे काम फॉस्फोडायएस्टरेज विकरांचे आहे. ती ३′ बाजूचा बंध पाण्याच्या साहाय्याने तोडतात आणि साधा ५′ एएमपी उरतो. या विकरांची अकरा कुळे असून त्यांपैकी चौथे, सातवे आणि आठवे कूळ केवळ सायक्लिक एएमपी तोडते, तर पाचवे, सहावे आणि नववे कूळ सायक्लिक जीएमपी (अॅडेनिनच्या जागी ग्वानिन असलेला तसाच रेणू) तोडते. उरलेली कुळे दोन्हींवर काम करतात. पेशीतील पातळी म्हणजे बनणे आणि तुटणे यांचा क्षणोक्षणीचा हिशेब असल्यामुळे ती वाढलेली दिसली, तर बनणे वाढले की तुटणे थांबले, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

इतक्या अल्प प्रमाणातील रेणू एवढा मोठा परिणाम कसा घडवतो?

त्याचे मुख्य लक्ष्य प्रोटीन कायनेज ए हे विकर आहे. विश्रांत अवस्थेत त्याचे दोन क्रियाशील घटक दोन नियामक घटकांनी धरून ठेवलेले असतात. प्रत्येक नियामक घटकावर दोन, म्हणजे एकूण चार सायक्लिक एएमपी रेणू बसले की पकड सुटते आणि क्रियाशील घटक इतर प्रथिनांवर एटीपीमधील फॉस्फेट चढवू लागतात. एक मोकळा झालेला विकररेणू अनेक प्रथिनरेणूंना फॉस्फेट देतो, त्यांतील काही स्वतःच विकरे असल्याने पुढच्या टप्प्यावर संख्या पुन्हा वाढते, आणि रक्तातील संप्रेरकाचे नगण्य प्रमाण यकृतातून ग्लुकोजचा लोट सोडू शकते. हे कायनेज १९६८ मध्ये एडविन क्रेब्ज यांच्या प्रयोगशाळेत सापडले. फॉस्फेट चढवून-उतरवून प्रथिनांचे नियमन होते, या मूलभूत शोधासाठी क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांना १९९२ चे नोबेल मिळाले.

सायक्लिक एएमपीचे सर्व परिणाम याच कायनेजमार्फत होतात का?

नाही, आणि हे विसरल्याने प्रयोगांचे निष्कर्ष चुकतात. हृदयाची लय ठरवणाऱ्या पेशींतील एचसीएन आयनमार्गांना सायक्लिक एएमपी थेट चिकटतो आणि ते अधिक सहज उघडू लागतात. नाकातील गंधपेशींत तो आयनमार्ग थेट उघडतो, आणि वासाचा विद्युत्संदेश तेथूनच सुरू होतो. १९९८ मध्ये एपॅक या प्रथिनांचा शोध लागला. ती सायक्लिक एएमपीने चालू होऊन रॅप१ या लहान जी-प्रथिनाला कामाला लावतात, त्यात कायनेजचा संबंध येत नाही. त्याआधीच्या कित्येक निरीक्षणांचे श्रेय सरसकट प्रोटीन कायनेज एला दिले गेले होते, त्यामुळे जुने लेखन वाचताना हे वर्ष ध्यानात ठेवावे.

रेणू एकच, तर निरनिराळ्या अवयवांत परिणाम वेगवेगळे का?

हा प्रश्न खरोखर चांगला आहे. सायक्लिक एएमपी वाढला की हृदयाचा स्नायू जोराने आकुंचन पावतो, आणि श्वासनलिकेचा अनैच्छिक स्नायू मात्र सैल पडतो. यकृतात ग्लायकोजेन फुटते, मेदपेशीत मेद फुटतो, मूत्रपिंडाच्या नलिकेत पाणी परत शोषले जाते. निरोप एकच असला तरी तो वाचणारी प्रथिने प्रत्येक पेशीत निराळी असतात, हा उत्तराचा पहिला भाग झाला.

दुसरा भाग अधिक सूक्ष्म आहे. एकाच पेशीतही सायक्लिक एएमपी सर्वत्र सारखा पसरत नाही. प्रोटीन कायनेज एला ठरावीक जागी बांधून ठेवणारी 'अँकर' प्रथिने असतात, आणि त्यांच्याच शेजारी फॉस्फोडायएस्टरेजही बसवलेले असते. परिणामी पेशीच्या एका कोपऱ्यात निरोप घुमत असताना दुसरा कोपरा शांत राहू शकतो. म्हणूनच पेशी विरघळवून काढलेला एकूण आकडा पुष्कळदा दिशाभूल करतो. दोन संप्रेरकांनी एकूण पातळी सारखीच वाढवली, पण परिणाम एकानेच दिला, असे घडते आणि ती मोजमापातील चूक असतेच असे नाही.

हा रेणू केवळ प्राण्यांतच आढळतो का?

नाही. १९६५ मध्ये तो एश्चेरिकिया कोलाय या जिवाणूत आढळला. तेथे त्याचे काम भुकेचा निरोप देण्याचे आहे. माध्यमात ग्लुकोज भरपूर असेल तर त्याची पातळी खाली राहते. ग्लुकोज संपले की ती वर जाते, सायक्लिक एएमपी एका विशिष्ट प्रथिनाशी जोडी जमवतो, आणि लॅक्टोजसारख्या दुय्यम शर्करा वापरणारी जनुके चालू होतात. याहून विलक्षण उदाहरण डिक्टिओस्टेलियम या मातीतील अमीबासदृश जीवाचे आहे. अन्न संपले की त्याच्या एकेकट्या पेशी काही मिनिटांच्या अंतराने सायक्लिक एएमपीचे स्पंद बाहेर सोडतात. शेजारच्या पेशी त्या दिशेने सरकतात, स्वतःही स्पंद सोडतात, आणि हजारो पेशी गोळा होऊन एक बहुपेशीय देह बनतो. आपल्याकडे पेशीच्या आत चालणारा निरोप तेथे पेशीबाहेर, जवळपास संप्रेरकासारखा वापरला जातो.

कॉलऱ्याशी त्याचा काय संबंध आहे?

कॉलऱ्याच्या जिवाणूचे विष आतड्याच्या पेशीतील जीएस प्रथिनावर एक रासायनिक गट कायमचा चढवते. या प्रथिनात स्वतःला बंद करण्याची सोय असते, ती सोय विष निकामी करते. अॅडेनिलिल सायक्लेज चालूच राहते, सायक्लिक एएमपी साचत जातो, क्लोराइडचे मार्ग उघडे पडतात, आणि क्लोराइड व सोडियमच्या मागोमाग पाणी आतड्यात ओतले जाते. सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आत घेणारी वाहतूक या साऱ्यात शाबूत राहते. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात घातलेले पाणी तोंडाने देऊन रुग्ण वाचतो, त्याचे जीवरासायनिक कारण हेच आहे.

इतर रोगजंतूंनीही याच दुव्यावर हल्ला केला आहे. डांग्या खोकल्याचे पर्ट्युसिस विष जीआय प्रथिन निकामी करते, म्हणजे आवर घालणाराच नाहीसा होतो. अँथ्रॅक्सचा जिवाणू तर पेशीत स्वतःचे अॅडेनिलिल सायक्लेजच घुसवतो. कॉलऱ्याचे आणि पर्ट्युसिसचे विष आज प्रयोगशाळेत हत्यार म्हणून वापरले जाते. एखादा परिणाम पर्ट्युसिस विषाने नाहीसा झाला, तर त्यात जीआय कुळातील प्रथिनाचा हात असल्याचा तो बळकट पुरावा मानतात.

कोणती औषधे या मार्गावर काम करतात?

सायक्लिक एएमपी स्वतः औषध म्हणून फारसा उपयोगी नाही, तरी त्याच्या पातळीला वर-खाली करणाऱ्या औषधांची यादी लांब आहे. दम्यातील साल्ब्युटामॉल बीटा-२ रिसेप्टरमार्फत श्वासनलिकेत तो वाढवते. प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा-रोधक हृदयावरील त्याच मार्गाची चालना अडवतात. मधुमेहात दिली जाणारी जीएलपी-१ गटातील औषधे स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत तो वाढवून ग्लुकोजच्या उपस्थितीत इन्सुलिनचे स्रवण वाढवतात. टॉल्व्हाप्टान व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा रिसेप्टर अडवून मूत्रपिंडात तो कमी करते, आणि आनुवंशिक बहुपुटी मूत्रपिंडविकारात त्याचा उपयोग याच तत्त्वावर आधारलेला आहे.

फॉस्फोडायएस्टरेज अडवणाऱ्या औषधांचा गट वेगळा पाहण्याजोगा आहे. रोफ्लुमिलास्ट फुप्फुसांच्या दीर्घकालीन अवरोधक विकारात, तर अॅप्रिमिलास्ट सोरायसिस आणि त्याच्या संधिवातात वापरले जाते. दोन्ही चौथे कूळ अडवतात. तिसरे कूळ अडवणाऱ्या मिल्रिनोनची कथा बोधप्रद आहे. ते हृदयाचे आकुंचन वाढवते, त्यामुळे तीव्र अवस्थेत शिरेतून थोडा काळ देतात. मात्र गंभीर, जुनाट हृदयविफलता असलेल्या रुग्णांना ते तोंडाने दीर्घकाळ दिले असता मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. थकलेल्या हृदयाला सतत टोचणी देणे घातक ठरते, आणि त्याच हृदयाला बीटा-रोधकांनी दिलासा मिळतो, ही आजच्या उपचारपद्धतीची पार्श्वभूमी आहे. याच कारणास्तव तिसरे कूळ अडवणारे सिलोस्टाझोल हृदयविफलतेच्या रुग्णांना निषिद्ध आहे.

कॉफीने सायक्लिक एएमपी वाढतो, हे खरे आहे का?

परीक्षानळीत खरे आहे. कॅफिन आणि थिओफिलिन फॉस्फोडायएस्टरेजला अडवतात, आणि सदरलँड यांच्या गटाने हे फार पूर्वी दाखवले होते. परंतु त्यासाठी लागणारी कॅफिनची तीव्रता एखाद-दुसऱ्या कपाने रक्तात येणाऱ्या तीव्रतेपेक्षा पुष्कळच जास्त असते. कॉफीची तरतरी मुख्यतः मेंदूतील अॅडेनोसिन रिसेप्टर अडवल्यामुळे येते. जुन्या पाठ्यपुस्तकांतील पहिले स्पष्टीकरण अजूनही उत्तरपत्रिकांत जिवंत आहे, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

संशोधनासाठी सायक्लिक एएमपीचे कोणते रूप मागवावे?

मुक्त आम्ल आणि सोडियम क्षार अशी दोन रूपे नेहमी मिळतात. मुक्त आम्ल पाण्यात जेमतेम विरघळते आणि द्रावण आम्लधर्मी होते. सोडियम क्षार सहज विरघळतो, त्यामुळे बहुतेक कामांसाठी तोच सोयीचा पडतो. मात्र निर्जल सोडियम क्षाराचा रेणुभार ३५१.२ आहे. मुक्त आम्लाचा रेणुभार धरून क्षार तोलला तर द्रावण सुमारे ६ टक्क्यांनी पातळ होते, आणि नमुन्यात पाण्याचा अंश असेल तर आणखी. बाटलीवरील त्या विशिष्ट बॅचचा रेणुभार वाचूनच हिशेब करावा.

शुद्ध विकरावर किंवा फोडलेल्या पेशींच्या अर्कावर काम असेल तर साधा सायक्लिक एएमपी पुरतो. जिवंत, अखंड पेशींवर काम असेल तर तो पुरत नाही, आणि तेथून पुढचा प्रश्न सुरू होतो.

अखंड पेशींसाठी कोणते अनुरूप संयुग निवडावे?

साधा सायक्लिक एएमपी माध्यमात घातला तर तो आत फारसा जात नाही. शिवाय पेशीबाहेरील विकरे त्याचे एएमपी आणि मग अॅडेनोसिन करून टाकतात. अॅडेनोसिनला पेशीपटलावर स्वतःचे रिसेप्टर आहेत, त्यामुळे काहीतरी परिणाम हमखास दिसतो, आणि तो भलत्याच रेणूचा असतो.

यावर उपाय म्हणजे अनुरूप संयुगे, अर्थात थोडा बदल केलेली सायक्लिक एएमपीची रूपे. त्यांपैकी सर्वांत जुना तोडगा डायब्युटिरिल सायक्लिक एएमपीचा आहे. त्याला दोन ब्युटिरिल गट जोडलेले असल्याने तो पटल ओलांडतो. आत गेल्यावर शर्करेवरील गट एस्टरेज विकरे तोडतात आणि उरलेला एकगटी रेणू काम करतो. फॉस्फोडायएस्टरेज त्याला सहज तोडू शकत नाही. पण सुटलेले ब्युटिरेटही निष्क्रिय नसते. ते हिस्टोनवरील अॅसिटिल गट काढणाऱ्या विकरांना अडवते आणि त्यामुळे जनुकांची अभिव्यक्ती बदलते. दीर्घकाळाच्या, विशेषतः पेशींची वाढ किंवा रूपांतर पाहणाऱ्या प्रयोगात तेवढ्याच तीव्रतेच्या सोडियम ब्युटिरेटचा तुलनागट नसेल, तर निष्कर्षावर विश्वास ठेवणे कठीण जाते. माझ्या मते या एका तुलनागटाचा अभाव हीच या क्षेत्रातील सर्वांत सामान्य त्रुटी आहे.

८-ब्रोमो सायक्लिक एएमपीत ब्युटिरेटचा प्रश्न येत नाही आणि ते तुटण्यालाही बऱ्यापैकी दाद देत नाही, म्हणून नव्या प्रयोगाची सुरुवात त्यापासून करणे मला अधिक सुरक्षित वाटते. दोन्ही संयुगे बहुधा ०.१ ते १ मिलिमोलर तीव्रतेला वापरली जातात. फॉस्फेटवरील एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलेली रूपेही मिळतात. त्यांपैकी 'एसपी' रूप कायनेजला चालू करते आणि 'आरपी' रूप त्याला अडवते. एपॅक वेगळे काढायचे असेल तर त्यालाच चालू करणारी, २′ ठिकाणी मिथिल गट असलेली संयुगे वापरावीत.

फॉर्स्कोलिन वापरणे अधिक सोपे नाही का?

सोपे आहे, आणि अनेकदा योग्यही. कोलियस फॉर्स्कोहली या तुळशीच्या कुळातील वनस्पतीच्या मुळांतून मिळणारे हे डायटर्पीन पटलातील अॅडेनिलिल सायक्लेजला थेट चालू करते, त्यासाठी रिसेप्टरची गरज नसते. नववा प्रकार त्याला फारसा प्रतिसाद देत नाही आणि पेशीरसातील विद्राव्य प्रकार अजिबात देत नाही. ते पाण्यात विरघळत नसल्याने डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये मूळ द्रावण करावे लागते, आणि अर्थातच त्या द्रावकाचा तुलनागट ठेवावा लागतो. फॉर्स्कोलिन काही आयनमार्गांवर व वाहक प्रथिनांवर सायक्लिक एएमपीशिवायही परिणाम करते. म्हणून सायक्लेजला न छेडणारे १,९-डायडिऑक्सिफॉर्स्कोलिन सोबत तपासण्याची पद्धत आहे. दोघांनीही सारखाच परिणाम दिला, तर तो सायक्लिक एएमपीचा नव्हे, असे समजावे.

द्रावण कसे करावे आणि त्याची तीव्रता कशी तपासावी?

१० मिलिमोलर द्रावणासाठी मुक्त आम्लाच्या हिशेबाने दर मिलिलिटरला ३.२९ मिलिग्रॅम लागतात. सामू ७ च्या जवळ आणावा, ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून निर्जंतुक करावे आणि एका वेळेला पुरतील एवढे छोटे भाग करून ठेवावे. तराजूवर विसंबून राहण्यापेक्षा अतिनील प्रकाशाचे शोषण मोजावे. २५८ नॅनोमीटरला मोलर शोषणांक सुमारे १४,६५० असल्यामुळे ५० मायक्रोमोलर द्रावणाचे एक सेंटिमीटर क्युव्हेटमधील शोषण ०.७३ च्या आसपास यायला हवे. हा आकडा बदल न केलेल्या सायक्लिक एएमपीसाठीच आहे. अॅडेनिनवर इतर गट जोडलेल्या संयुगांचे शोषणशिखर सरकते, त्यांच्यासाठी पुरवठादाराने दिलेला आकडा घ्यावा. शिवाय एएमपी आणि अॅडेनोसिन यांचे शोषणही जवळपास याच ठिकाणी असते, त्यामुळे या मोजमापाने तीव्रता कळते, शुद्धता कळत नाही. शुद्धतेसाठी उच्च कार्यक्षमतेची द्रव क्रोमॅटोग्राफीच लागते.

साठवण कशी करावी?

कोरडी भुकटी ओलाव्यापासून जपून उणे २० अंश सेल्सियसला ठेवावी आणि बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. साधा सायक्लिक एएमपी तसा चिवट रेणू आहे, उकळूनही टिकतो म्हणून तर तो सापडला. डायब्युटिरिल रूप तेवढे चिवट नाही. अल्कधर्मी द्रावणात त्याचा शर्करेवरील गट गळून पडतो, म्हणून ते शक्यतो ताजे करावे.

पेशीतील पातळी मोजताना कोणती काळजी घ्यावी?

मोजमापाच्या पद्धती अनेक आहेत. जुनी किरणोत्सारी प्रतिपिंड पद्धत, एलायझा, प्रकाशदीप्तीवर आधारित पद्धती, वस्तुमान वर्णपटमापन, आणि जिवंत पेशीत बदल दाखवणारे जनुकीय संवेदक. मात्र बहुतेक चुका यंत्राजवळ होतच नाहीत, त्या नमुना घेण्याच्या पहिल्या मिनिटात होतात. माध्यम काढल्यापासून पेशी फुटेपर्यंत फॉस्फोडायएस्टरेज काम करीतच असते. त्यामुळे ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या द्रावणाने पेशी थेट फोडून सर्व विकरे एकाच क्षणी थांबवावीत.

फॉस्फोडायएस्टरेज अडवण्यासाठी आयबीएमएक्स बहुधा ०.५ मिलिमोलर तीव्रतेला घालतात. त्याने संकेत ठळक होतो, परंतु तुटण्याची बाजूच बंद केल्याने पातळीचा नैसर्गिक चढउतार दिसत नाही. शिवाय आयबीएमएक्स अॅडेनोसिन रिसेप्टरही अडवते. ते घातलेले आणि न घातलेले, असे दोन्ही संच ठेवणे शहाणपणाचे. जीआय प्रथिनाशी जोडलेल्या रिसेप्टरची तपासणी करायची असेल तर मूळ पातळी आधीच इतकी कमी असते की घट मोजता येत नाही. तेव्हा आधी फॉर्स्कोलिनने पातळी वर नेतात आणि मग चाचणीच्या संयुगाने ती किती खाली येते ते पाहतात. आज वापरात असलेल्या सुमारे एक तृतीयांश औषधांचे लक्ष्य जी-प्रथिनांशी जोडलेले रिसेप्टर असल्याने, नव्या औषधांच्या चाळणीत ही चाचणी रोजचीच झाली आहे.

एच-८९ ने परिणाम थांबला, म्हणजे प्रोटीन कायनेज एचा सहभाग सिद्ध झाला का?

नाही. एच-८९ हे प्रोटीन कायनेज ए अडवण्यासाठी वापरले जाणारे संयुग इतरही अनेक कायनेज अडवते. त्याला आरपी रूपातील संयुगाची किंवा पीकेआय या अत्यंत निवडक पेप्टाइडची जोड द्यावी. यंत्रणा वेगवेगळी असलेल्या दोन अवरोधकांनी एकच उत्तर दिले, तरच दाव्याला आधार मिळतो.

सायक्लिक जीएमपी हाही याच प्रकारचा रेणू आहे का?

रचनेने होय, फक्त अॅडेनिनच्या जागी ग्वानिन असते. त्याचे मार्ग मात्र वेगळे आहेत. नायट्रिक ऑक्साइड त्याचे उत्पादन वाढवतो, आणि सिल्डेनाफिल पाचव्या कुळातील फॉस्फोडायएस्टरेज अडवून त्याला टिकवते. तीव्रता फार वाढवली तर एकाचे अनुरूप संयुग दुसऱ्याच्या लक्ष्यावरही बसू लागते, म्हणून मात्रेनुसार प्रतिसादाचा आलेख काढल्याशिवाय एकाच तीव्रतेवरून निष्कर्ष काढू नये.

हे संयुग पूरक आहार किंवा औषध म्हणून घेता येते का?

प्रयोगशाळेसाठी विकले जाणारे सायक्लिक एएमपी आणि त्याची अनुरूप संयुगे माणसांवर किंवा प्राण्यांवर उपचारासाठी नसतात, त्यांची शुद्धता त्या निकषांवर तपासलेली नसते. डायब्युटिरिल रूप 'ब्युक्लाडेसिन' या नावाने जपानमध्ये औषध म्हणून वापरले गेले आहे, पण ते औषधी दर्जाचे उत्पादन होते, रसायनांच्या कपाटातील बाटली नव्हे. फॉर्स्कोलिनयुक्त गोळ्या वजन घटवण्यासाठी विकल्या जातात. मेदपेशीत सायक्लिक एएमपी वाढला की मेद फुटतो, हे खरे असले तरी तोंडाने घेतलेल्या गोळीने हृदय, रक्तवाहिन्या आणि जठर यांना वगळून फक्त मेदपेशींपर्यंतच निरोप पोहोचेल, असे मानण्यास आधार नाही. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये.

हाताळताना विशेष धोका आहे का?

साधा सायक्लिक एएमपी हाताळताना हातमोजे, चष्मा आणि भुकटी श्वासात न जाण्याची नेहमीची दक्षता पुरते. अनुरूप संयुगांबाबत थोडी अधिक सावधगिरी बाळगावी, कारण ती पेशीपटल ओलांडण्यासाठीच घडवलेली असतात, आणि डायमिथिल सल्फॉक्साइडमधील कोणतेही द्रावण त्वचेतून झिरपू शकते. कॉलरा किंवा पर्ट्युसिस विषासोबत काम असेल तर त्या विषांचे नियम लागू होतात, आणि ते न्यूक्लिओटाइडच्या नियमांपेक्षा कितीतरी कडक आहेत.